पथ्याचेही उद्यापन हवे

— एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

'आधी पोटोबा, मग विठोबा' अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु अलीकडे पोटोबाचीच इतकी व्रते निघाली आहेत की, बिचाऱ्या विठोबाची पाळी येणे कठीण होऊन बसले आहे. कोणी गहू सोडला आहे, कोणी दूध, कोणी साखर, तर कोणी रात्रीचे जेवण. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, एस. टी. च्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, जेथे चार माणसे जमतात तेथे एकजण तरी 'मला ते चालत नाही' असे सांगताना आढळतो. पोट साफ असावे, अंग हलके वाटावे, शरीर निरोगी राहावे ही इच्छा काही वाईट नाही. मात्र सोडलेली वस्तू पुन्हा केव्हा धरायची, हे यांपैकी किती जणांना ठाऊक असते? व्रताला उद्यापन असते. मग पथ्याला ते का नसावे? एवढीच गोष्ट मला या लेखात मांडावयाची आहे.

प्रथम हे पाहू की, अन्न वगळून पाहण्याची ही रीत मुळात आहे तरी काय. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचे डॉ. आल्बर्ट रो यांनी १९४१ साली या विषयावर एक ग्रंथच लिहिला. ज्यांना अन्नाची ॲलर्जी आहे, परंतु कोणत्या अन्नाची ते कळत नाही, अशा रोग्यांसाठी त्यांनी ही पद्धत बसविली होती. संशयित पदार्थ काही काळ पूर्णपणे बंद करावयाचे, त्रास थांबतो का ते पाहावयाचे, आणि थांबलाच तर एकेक पदार्थ पुन्हा ताटात आणून गुन्हेगार कोण ते शोधावयाचे. म्हणजे ही एक चौकशी आहे. चौकशीसाठी दहा माणसांना चावडीवर बोलावले, तर खरा चोर सापडल्यावर उरलेल्या नऊ जणांना घरी पाठवावेच लागते. आपण मात्र दहाही जणांना कायमचे कोंडून ठेवतो आणि चोरी थांबली म्हणून समाधान मानतो.

ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील संशोधकांनी या शतकाच्या प्रारंभी हीच पद्धत वारंवार पोट फुगणे, कळा येणे, कधी जुलाब तर कधी मलावरोध अशा आतड्याच्या तक्रारींसाठी वापरली. कांदा, लसूण, गहू, काही डाळी, दूध, आंबा यांसारख्या पदार्थांतील काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात व वायू धरतो, असे त्यामागचे कारण आहे. या आहाराचे तीन टप्पे आहेत. पहिल्यात दोन ते सहा आठवडे हे पदार्थ कमी करावयाचे. दुसऱ्यात एकेक गट तीन-तीन दिवस, मात्रा वाढवीत, खाऊन पाहावयाचा. तिसऱ्यात जे सोसले ते सर्व परत घेऊन, जे नडले तेवढेच बेताने ठेवावयाचे. आपल्याकडे लोकांना पहिला टप्पा तेवढा माहीत झाला आहे. मोबाईलवर दिसतो तोही तेवढाच, कारण 'हे सोडा' असे अर्ध्या मिनिटात सांगता येते. 'आता हे थोडे खाऊन पाहा व तीन दिवस लिहून ठेवा' हे सांगण्यास वेळ लागतो.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार आणि त्यांच्यानंतर आपल्या मराठवाड्यात लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळाच जेवण्याचा जो प्रचार केला, तो घराघरांत पोहोचला. तो बरोबर की चूक, यावर महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाला आहे. परंतु तेथे वगळली जाते ती जेवणाची वेळ, आणि हेतू वजन व मधुमेहाचा आहे. कोणता पदार्थ पोटाला नडतो हे शोधणे निराळे. आपण या साऱ्यांची एकच खिचडी करतो व एकाच वेळी सारे पाळू पाहतो. 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणतात ते असे.

परत आणून पाहिल्याशिवाय सत्य कळत नाही, याचे एक विलक्षण उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला, हजारो माणसे उपासमारीने मेली. त्या काळात सीलिॲक नावाच्या पोटाच्या विकाराने खंगत चाललेली काही मुले मात्र सुधारू लागली! डॉ. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाला गव्हाविषयी आधीपासून संशय होताच. पुढे पाव परत आला आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. तेव्हा त्याचा संशय पक्का झाला. १९५० साली त्याने आपला प्रबंध सादर केला. ही मुले गव्हावाचून सुधारली यावरून अर्धेच कळले होते. उरलेले अर्धे ती गव्हाने पुन्हा बिघडली तेव्हा कळले.

आता आपल्या घराकडे वळू. आषाढ शुद्ध नवमीला आपण कांदेनवमी करतो. कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ असे सारे त्या दिवशी मनसोक्त खाऊन घ्यावयाचे आणि चातुर्मासात कांदा, लसूण, वांगे वर्ज्य करावयाचे. परंतु हे वर्ज्य जन्मभराचे नसते. मार्गशीर्षात चंपाषष्ठी येते. खंडोबाला वांग्याचे भरीत व बाजरीचा रोडगा यांचा नैवेद्य दाखवितात आणि वांगे सन्मानाने घरात परत येते. आपल्या जिल्ह्यात सातारा येथील खंडोबाच्या यात्रेला जाऊन आलेल्यांना हे सांगावयास नकोच. त्याहून काटेकोर असा जुना नेम आहे: श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये सोडावयाची. एका महिन्यास एक गट. पुढचा सोडला की मागचा परत. एखाद्या शास्त्रज्ञाने आखावी अशी ही मांडणी आहे.

मात्र यावरून 'आमच्या पूर्वजांना सारे आधीच ठाऊक होते' अशी टाळी मिळविण्याचा मोह मी टाळते. चातुर्मासाचा हेतू पुण्याचा व मनाच्या संयमाचा होता, आतड्यांच्या परीक्षेचा नव्हता. कांदा-लसणाच्या विटाळामागे उच्चनीचतेच्या कल्पनाही होत्या, हे विसरून चालणार नाही. शिवाय 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाणा, शेंगदाणे आणि तळलेले बटाटे खाऊन कोणाच्या पोटास विश्रांती मिळणार? घ्यावयाची ती फक्त मुदतीची शिस्त. सोडताना परतीची तिथी ठरलेली असे, ही त्यातील शहाणपणाची गोष्ट. आयुर्वेदातही शोधनानंतर एकदम जेवावयास सांगत नाहीत. आधी पेया, मग विलेपी, मग यूष अशा क्रमाने रोग्यास नेहमीच्या जेवणावर आणतात. त्याला संसर्जनक्रम म्हणतात. तापातून उठलेल्या पोराला आजी आधी पेज, मग मऊ भात, मग मुगाचे वरण देते, तेव्हा तिचेही धोरण तेच असते.

परंतु आज घराघरांत काय चालते? माझ्या घरचेच उदाहरण देते. माझी आई शेतात राबणारी. सात-आठ वर्षांपूर्वी तिचे पोट फुगू लागले, आंबट ढेकर येऊ लागले. कोणी म्हणाले, तूर वातूळ, ती सोड, तूर सुटली. कोणी म्हणाले, दुधाने कफ होतो, दूध सुटले. पुढे वांगे गेले, शेंगदाणे गेले, शेवटी गव्हाची पोळी गेली. दर वेळी चार दिवस बरे वाटे व पाचव्या दिवशी पुन्हा तेच. प्रत्येक सल्लागार एकेक वस्तू काढून नेत होता. परत आणून देणारा एकही भेटला नाही. अखेर ताटात ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा एवढेच उरले. गंमत अशी की, ठेचा सोडावयास मात्र कोणीच सांगितले नव्हते!

पुढे एका डॉक्टरबाईंनी तिचे रक्त तपासले, तेव्हा अंगात रक्त फारच कमी निघाले. बाईंनी गोळ्या दिल्या आणि एक वही घालावयास सांगितली. एक पदार्थ घ्यावा, तीन दिवस थोडा थोडा वाढवीत खावा, काय होते ते लिहावे, मग पुढचा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्याच्याही आधी वही लिहिण्याचे काम माझ्याकडेच होते. दोन महिन्यांनी वही काय बोलली? तूर चालली. गहू चालला. वांगेही चालले. नडले ते उपाशीपोटी घेतलेला दुधाचा चहा आणि हरभऱ्याच्या डाळीचे पदार्थ पोटभर खाणे. दही-ताकाने काही झाले नाही. आणि त्याहून जास्त नडले ते सकाळी भाकर खाऊन गेल्यावर थेट दुपारी चार वाजता जेवणे. इतकी वर्षे पाच पदार्थांना शिक्षा झाली आणि वेळेकडे कोणी पाहिलेच नव्हते.

ही एका घराची गोष्ट असती तर मी लिहिली नसती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. चौथ्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण ४८ टक्के होते. निम्म्याहून अधिक! ज्या घरात बाई सर्वांच्या मागून जेवते, तेथे तिच्या ताटातून आणखी डाळ, दूध, शेंगदाणे काढून घेणे म्हणजे काय, याचा विचार सल्ला देणाऱ्यांनी केला पाहिजे. शाकाहारी माणसाला ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूधदुभत्यातूनच मिळते. दूध सोडावयाचे तर त्याची भरपाई कशाने करावयाची, हेही सांगावयास हवे. ज्या स्त्रीला 'मला हे हवे' म्हणण्याची सवय नाही, तिला 'मला हे नको' म्हणणे फार सोपे जाते. आणि घरही तिला विचारीत नाही, कारण तिच्या नकोपणात सर्वांचीच सोय असते.

दुसरी गोष्ट ऐपतीची. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या भागातील म्हाताऱ्या माणसांकडून ऐकाव्यात. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन लोकांनी दिवस काढले. त्यांच्या ताटातून जे गेले ते कोणी पथ्य म्हणून सोडले नव्हते. आजही २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. अशा घराला 'गहू सोडा' असे सहज सांगणारा माणूस त्याचे रेशनचे धान्यच सोडावयास सांगत असतो. आणि ज्या ज्वारीला गरिबाचे अन्न म्हणून नाके मुरडली गेली, तीच आता शहरातील दुकानांत ग्लुटेनविरहित म्हणून सुंदर पिशवीत चढ्या भावाने विकली जाते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. आपल्या आज्यांनी मात्र ते जन्मभर पाळले होते.

कोणी विचारील, 'सोडून बरे वाटते ना, मग पुन्हा खाण्याचा अट्टहास कशाला?' प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे की, पाच गोष्टी एकदम सोडून बरे वाटले, तर त्यांतील चार निरपराध असू शकतात. आणि त्या चारांतून मिळणारे पोषण आपण फुकट गमावतो. काही वेळा तर पदार्थ सोडण्याचीही गरज नसते. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, नीट शिजविले तर पुष्कळांचा वायू कमी होतो. दूध न सोसणाऱ्या पुष्कळांना ताक सोसते.

काही पथ्ये मात्र खरोखर जन्मभराची असतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्याला शेंगदाण्याने किंवा माशाने अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो, त्याने घरी 'खाऊन पाहण्याचा' प्रयोग कदापि करू नये. त्यात जीव जाऊ शकतो. सीलिॲकच्या रोग्याने गहू कायमचा सोडावाच लागतो. परंतु त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते. आधीच गहू बंद केला तर तपासणी फसण्याचा संभव असतो. वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल, घास अडकत असेल, ताप हटत नसेल, तर पथ्याचा विचार बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यावर तर असे प्रयोग डॉक्टरला विचारल्यावाचून करूच नयेत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, सोडावयाचे तर जरूर सोडा, पण वही घालून सोडा. एका वेळी एक गोष्ट सोडा. सोडतानाच परतीची तारीख लिहून ठेवा. दुसऱ्याचे पथ्य उसने घेऊ नका. त्याचे आतडे त्याचे, तुमचे तुमचे. आणि आपल्या गुरुजनांना एक नम्र विनंती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा गावातील आयाबहिणींची रक्ततपासणी आणि 'तुम्ही काय काय सोडले आहे, कोणाच्या सांगण्यावरून आणि केव्हापासून?' एवढे तीन प्रश्न हाती घ्यावेत. डॉक्टर तालुक्याहून बोलावता येतील. वही लिहिणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. देवगाव रंगारीसारख्या गावातील महाविद्यालयाने शिकलेल्या मुलामुलींकडून याहून वेगळी कोणती अपेक्षा करावी?

व्रत घेतलेल्या बाईला शेजारीणही विचारते, 'उद्यापन केव्हा गं?' तोच प्रश्न आपण पथ्य पाळणाऱ्या प्रत्येकाला, आणि सर्वांत आधी आपल्या आईला, विचारू या.