घरबसल्या नोकरी आणि अरण्यातील जिल्हे

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली आणि पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतील काम कर्मचाऱ्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी आले. नोकरीपायी चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वडसा सोडून गेलेली कितीतरी मुले त्या काळात आईवडिलांकडे परतली व तेथूनच आपल्या कंपनीची चाकरी करू लागली. साथ ओसरली; ही पद्धत मात्र काही क्षेत्रांत पूर्णतः, तर काहींत अंशतः टिकून राहिली. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या दृष्टीने तिचा विचार वेगळा करावयास हवा; कारण सुशिक्षितांचे बाहेर जाणे ही या भागाची जुनी व्यथा आहे.

लाभ उघड आहेत. शहरातील खोलीचे भाडे वाचते, वृद्ध मातापित्यांची देखभाल होते आणि पगार गावच्या बाजारात खर्च होतो. लग्नानंतर वा बाळंतपणानंतर नोकरी सोडावी लागलेल्या शिकलेल्या स्त्रीला पुन्हा अर्थार्जनाची वाट सापडते. परंतु अशा नोकरदाराशी चार घटका बोलत बसले, तर दुसरी बाजूही ऐकू येते. कामाला घड्याळ उरत नाही. रात्री दहालाही निरोप येतो. नवशिक्या तरुणाला शेजारच्या मेजावरील अनुभवी सहकाऱ्याकडून जे सहज शिकता येते, ते पडद्यावरून मिळत नाही. बढतीच्या वेळी साहेबांच्या नजरेसमोर असलेल्याचेच नाव आधी आठवेल, ही धास्ती असते ती वेगळीच. शिवाय 2,920 मेगावॅट क्षमतेचे वीजकेंद्र ज्या चंद्रपुरात आहे, त्याच पट्ट्यातील आडगावी वादळी पावसात वीज जाते आणि तिच्याबरोबर संपर्कही.

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. तरीही जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणापासून सिरोंचा सुमारे दोनशे किलोमीटरांवर आहे आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कित्येक पावसाळ्यांत तुटला आहे. अशा ठिकाणी नेमणूक झालेल्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला वा कारकुनाला घरबसल्या कामाचे आकर्षण वाटले, तर नवल नाही. मुख्यालयी राहण्याची अट आणि तिच्याशी निगडित घरभाडे भत्त्याचा वाद हे त्याच्या नित्य परिचयाचे विषय होत. अहवाल, देयके, माहितीचे तक्ते यांसाठी पन्नास-शंभर किलोमीटरांचे हेलपाटे घालावयास लावणे हा निव्वळ कालापव्यय आहे. ते काम दूरून होत असेल, तर अवश्य व्हावे.

मात्र सारेच काम कागदाचे नसते. 2020 मध्ये शासनाने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा केली. परंतु ज्या टोल्यावर भ्रमणध्वनीचा मनोराच नव्हता, तेथे शाळेबरोबर शिक्षणही बंद पडले. घरी माडिया वा गोंडी बोलणाऱ्या पहिलीतील मुलाला मराठी अक्षर शिकवावयाचे, तर त्याच्याजवळ बसावेच लागते. वनहक्काचा दावा घेऊन दिवसभराची मजुरी बुडवून आलेल्या माणसालाही समोर बसलेला कर्मचारीच हवा असतो.

तात्पर्य, खाजगी नोकरदार घरून काम करू लागला, तर गावात एक सुशिक्षित माणूस वाढतो. शिक्षक दूर राहू लागला, तर एक कमी होतो. एकाच पद्धतीचे हे दोन परस्परविरुद्ध परिणाम ध्यानी घेऊन धोरण आखावयास हवे. पहिल्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी अखंड वीज व भरवशाची जोडणी द्यावी. गडचिरोलीत 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना या प्रकारच्या कामासाठी तयार करावे. दुसऱ्यासाठी राहण्याजोगे निवासस्थान आणि त्याच्या मुलांसाठी बरी शाळा, एवढे तरी शासनाने करावे. भत्ता कापण्याच्या धाकाने माणूस फार काळ मुक्कामी राहत नाही. त्याचा संसार तेथे नीट मांडला गेला, की अट घालण्याची फारशी गरजही उरणार नाही.