घट्ट म्हणजे नक्की किती?

एक साधा प्रश्न. बाइकच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा बोल्ट किती घट्ट करायचा? हॉस्टेलमध्ये कोणालाही विचारा, उत्तर एकच, "फुल टाइट मार रे!" फारच झालं तर पान्यावर पाइप चढवून अजून एक झटका. आता हा 'फुल टाइट' कुठल्या युनिटमध्ये मोजतात, ते मला तरी कुठल्याच डेटा बुकात सापडलं नाही!

मी पडलो कॉन्व्हेंटवाला. थ्रेडला मराठीत 'आटे' म्हणतात हे मला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आल्यावर कळलं. पण शब्द कुठलाही वापरा, बोल्टचं काम तेच. बोल्ट म्हणजे खिळा नव्हे, ती एक ताठ स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि दोन भागांना एकमेकांवर दाबून धरतो. तो सैल राहिला तर प्रत्येक खड्ड्याचा हादरा थेट त्याच्यावर येतो आणि एक दिवस फटीगने तुटतो. प्रमाणाबाहेर आवळला तर यील्ड पॉइंट ओलांडून कायमचा लांबतो, आणि पकड गेलीच!

बोल्टच्या डोक्यावर आकडे असतात, ते आपण वाचतो का? ८.८ म्हणजे टेन्साइल स्ट्रेंग्थ ८०० मेगापास्कल आणि यील्ड त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. १०.९ असेल तर १००० आणि ९००. १० मिलिमीटरच्या कोरड्या ८.८ बोल्टला साधारण ५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, तर १०.९ ला ७० च्या आसपास. (अर्थात गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला आकडाच अंतिम.) म्हणून दुकानात जाऊन "ह्याच साइजचा द्या" म्हणणं पुरेसं नाही. चकाकतो म्हणून स्टेनलेस तर नकोच. नेहमीच्या ए२-७० चं यील्ड ४५० च!

कोणी म्हणेल, मिस्त्री लोक वर्षानुवर्षं हाताच्या अंदाजानेच करतात, त्यांचं काय बिघडतं? त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण आपण लावलेल्या टॉर्कपैकी जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला लागतो, बाकीचा घर्षणातच जातो. गंजलेले आटे हाताला घट्ट लागतात, पण बोल्ट ताणलेलाच नसतो. उलट ऑइल लावलं तर तेवढ्याच टॉर्कला तो जास्त ताणला जातो. टॉर्क रेंचसुद्धा गंजाला फसतो, म्हणून आधी आटे साफ करायचे आणि मॅन्युअलने सांगितल्याशिवाय ऑइल लावायचं नाही. शिवाय नायलॉनवाला लॉकनट उघडला की नवीनच टाकायचा. दहा-वीस रुपयांसाठी जीव कशाला टांगणीला लावायचा?

आता सरांना एक विनंती. वर्कशॉपच्या कपाटातला टॉर्क रेंच प्रॅक्टिकलपुरताच बाहेर येतो. तो दर शनिवारी दुपारी आयकार्ड ठेवून आम्हाला वापरायला मिळावा, आणि हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये आपल्या नेहमीच्या बाइक्सचा टॉर्क चार्ट लागावा. दिवाळीच्या सुट्टीत आपल्यातले कितीतरी जण डबलसीट घाट उतरून घरी जातात. व्हायवाला प्रीलोडची डेफिनेशन घडाघडा म्हणणारे आपण स्वतःच्या गाडीवर मात्र 'अंदाजे' बसणार असू, तर या डिग्रीचा उपयोग काय?

बघा, पटतंय का!