विकास कोणाचा, भुर्दंड कोणाला?

पुण्यालगतचे वाघोली २०२१ साली महापालिकेत आले. इमारतींची दाटी त्याआधीच झाली होती. जमिनीच्या भाववाढीचे अनर्जित उत्पन्न बिल्डरांच्या तिजोरीत गेले. स्वस्त घराच्या आशेने आलेला मध्यमवर्गीय उरलेली किंमत मोटारीच्या हप्त्यांत आणि पेट्रोलमध्ये चुकवतो आहे. पण ज्याला मोटारच नाही, त्या पहारेकऱ्याने, धुणीभांडी करणाऱ्या बाईने काय करावे? नगर रस्त्यावरील बसचा राखीव मार्ग २०२३ पासून उखडण्यात आला. कारण काय, तर मोटारींची कोंडी! एका बसमध्ये पन्नास माणसे जातात, मोटारीत बहुधा एक-दोन. रस्ता सार्वजनिक पैशाचा असेल, तर त्यावर पहिला हक्क बसचाच. ही मागणी घेऊन कार्यकर्त्यांनी वाघोलीच्या थांब्यांवर उभे राहिले पाहिजे.