परीक्षा सरकारची, तयारी कोणाची?

घरी शिकणारी मुले दोन प्रकारची आहेत. शहरातील काही सुखवस्तू कुटुंबे शाळा नाकारतात. तेथे शिकवणी असते, पोहण्याचा तलावही असतो. ऊसतोडीच्या फडावर आईबापांमागे फिरणाऱ्या मुलांना मात्र शाळेनेच सोडलेले असते. ती सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसतात आणि बारावीनंतर पोलीस भरतीच्या मैदानावर उतरतात. तेथे शारीरिक चाचणीला ५० गुण व लेखी परीक्षेला १००. मुलांना १६०० मीटर धावायचे, मुलींना ८००. घड्याळ सर्वांना सारखे. पोटातले अन्न सारखे नाही.

परीक्षा सरकारने घ्यावी आणि तयारी खासगी अकादम्यांनी विकावी, ही व्यवस्था समाजवाद्यांना मान्य होणे शक्य नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. साऱ्या देशासाठी हक्काचा कायदा होण्यास २००९ साल उजाडले. प्रत्येक तालुक्यात मोफत अभ्यासिका व मैदान मिळण्यासाठी आणखी इतकी वाट पाहता येणार नाही.

ही मागणी लढविताना कार्यकर्त्यांनी आपला वारसाही आठवावा. १९४१ साली उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत खेळ आणि बौद्धिक हातात हात घालून चालत. तशी एक संध्याकाळ प्रत्येक वस्तीत पुन्हा सुरू झाली पाहिजे.