उत्तर नको, पायरी सांग!

सबमिशनच्या आदल्या रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो, ‘भावा, तिसऱ्याचं उत्तर टाक ना.’ दोन मिनिटांत वहीचा फोटो येतो, दहा जण तो उतरवतात आणि विषय संपतो. मदत मागण्यात गैर काहीच नाही. पण आपण नेमकं काय मागतो, हे बघायला हवं.

कॅल्क्युलसमधलं एक नेहमीचं गणित घ्या. चौरसाची बाजू ३ सेंमीवरून ३.१ सेंमी झाली, तर क्षेत्रफळात प्रत्यक्ष बदल किती? एकाच्या वहीत ०.६१ चौरस सेंमी, दुसरीच्या वहीत ०.६. लगेच ग्रुपवर वाद सुरू! खरं तर दोघांनी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं काढलेली असतात. प्रत्यक्ष बदल, म्हणजे डेल्टा वाय, नव्यातून जुनं वजा करून मिळतो. ९.६१ वजा ९, म्हणजे ०.६१. डेरिव्हेटिव्हवरून येणारा डी वाय हा त्याचा अंदाज असतो. २ गुणिले ३ गुणिले ०.१, म्हणजे ०.६.

मग उरलेला ०.०१ गेला कुठे? कागदावर चौरस काढून बघा. बाजू वाढली की दोन कडांना ०.३ क्षेत्रफळाच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात आणि कोपऱ्यात ०.१ बाजूचा इवलासा चौरस येतो. अंदाजात तो कोपरा सोडलेला असतो, बस्स. बाजू ३ वरून थेट ४ केली, तर मात्र तोच कोपरा १ चा होतो. प्रत्यक्ष बदल ७, अंदाज ६. छोट्या बदलाला चालणारा शॉर्टकट मोठ्या बदलाला चालत नाही.

नुसता फोटो उतरवणाऱ्याला हा कोपरा दिसतच नाही. पेपरात आकडे बदलले किंवा ‘प्रत्यक्ष’च्या जागी ‘अंदाजे’ आलं, की गाडी अडते. एआय ॲपला नुसतं ‘सोडवून दे’ म्हटलं तरी तेच होणार.

म्हणून मदत जरूर मागा, पण आपला अर्धवट प्रयत्न सोबत टाका. ‘इथपर्यंत जमलं, पुढे का अडतंय?’ असं विचारा. आणि ज्यांना येतं त्यांनीही अख्खं पान न पाठवता पुढची एकच पायरी सांगावी. दहा मिनिटं जास्त जातील, पण पेपरला बसताना ग्रुप सोबत नसतो.