पुडीचा दोरा आणि माळ्यावरची खोकी

वाण्याच्या पुडीचा दोरा आई कधी फेकत नसे. त्याचे गुंडाळे करून फडताळात ठेवी. तिचाच मुलगा मी. घरपोच येणारी खोकी जपू लागलो. एकात दिवाळीच्या पणत्या, एकात औषधे, एकाला खिडक्या कापून नातवाने घर केले. फुगेवाल्या प्लास्टिकात काचेच्या बरण्या गुंडाळल्या. आपण काटकसरी, असे समाधान वाटे.

परवा माळा उघडला आणि रिकामी खोकीच अंगावर आली. बँकेत जन्म गेलेला. लगेच हिशेब मांडला. महिन्याला जमा अकरा, वापर एक! आईकडे वाणसामान महिन्यातून एकदाच येई. तिची काटकसर गुंडाळ्यात नव्हती, यादीत होती. माझे जपणे म्हणजे पुन्हा मागवण्याची मुभाच ठरली होती.

आता आम्हीही यादी करून एकदमच मागवतो. लागतील तेवढीच खोकी ठेवतो. बाकीची चिकटपट्टी काढून, चपटी करून, कोरडी असतानाच रद्दीवाल्याला देतो. नाव-पत्त्याची चिठ्ठी आधी फाडतो. बँकेत जी माहिती आम्ही कुलपात ठेवली, ती रस्त्यावर कशाला?

वेष्टनाचे प्लास्टिक गोळा करण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. ती त्यांनी पाळावीच. पण मागवणारा हात आपला असतो. आई असती तर तिनेही खोके जपले असते. मात्र आधी विचारले असते, ‘‘एवढे मागवलेस तरी कशाला?’’