जिवाणूंचा वंशलेख

अन्नातून झालेल्या विषबाधेची वार्ता आपल्याकडे बहुधा एका दिवसापुरती टिकते. रुग्ण घरी परततात, तपासाचे कागद दफ्तरी दाखल होतात, आणि बाधा कोणत्या पदार्थातून झाली व तो पदार्थ कोठून आला, हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो. त्याचा छडा लावणारे शास्त्र आज उपलब्ध आहे, म्हणून हा अंक आम्ही जिवाणूंच्या जनुकीय वर्गीकरणास वाहिला आहे.

दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ साली लिस्टेरियाच्या साथीने दोनशेहून अधिक बळी घेतले. रुग्णांत नवजात अर्भकांचा भरणा फार मोठा होता. या रोगाची लक्षणे कित्येकदा काही आठवड्यांनंतर दिसतात, आणि इतक्या मागचे जेवण कोणाच्या स्मरणात राहणार? रुग्णांतून मिळालेल्या जिवाणूंचे जनुकक्रम वाचले गेले, तेव्हा त्यांतील नऊदशांशांहून अधिक एसटी-६ या एकाच कुळातील निघाले. पुढे सोवेटोतील एका पाळणाघरातली मुले आजारी पडली, तेथील फ्रिजमधल्या पोलोनी या मांसपदार्थाचा माग काढीत तपासनीस पोलोक्वानेच्या कारखान्यात पोहोचले, आणि तेथेही तेच कूळ सापडले.

जनुकक्रमाचे साम्य हा सबळ पुरावा असला, तरी रुग्णाच्या जबानीवाचून तो अपुरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. या अंकातील लेखांत प्रयोगशाळेइतकेच महत्त्व घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेवकांच्या विचारपुशीला दिले आहे, ते यासाठीच. डॉक्टर, अन्नसुरक्षा अधिकारी आणि सार्वजनिक स्वयंपाकघरे चालविणारे आमचे वाचक यांनी आपापले अनुभव व मतभेदही आम्हांस अवश्य कळवावेत.